मागून आणलेले चार मुठी पोहे



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ८० आणि ८१ (सुदामचरित्र).

रविवारच्या ऑनलाइन सत्संगात एकाने विचारलं, "ताई, परदेशात फूड बँकेत जाणारे लोक खरंच उपाशी असतात का? की फुकट मिळतं म्हणून जातात?" प्रश्न पडणं साहजिक आहे. फूड बँकेतून किराणा आणून पैसे कसे वाचवायचे, असा कॅनडातला एक व्हिडिओ मध्यंतरी खूप फिरला होता. पण उत्तर देण्याआधी आजची कथा नीट वाचूया.

सुदामा द्वारकेला गेला हे आपल्याला पाठ असतं. त्याआधी काय झालं ते आपण पटकन वाचून पुढे जातो. घरात खायला नाही. बायको भुकेने सुकून गेली आहे. ती पुन्हा पुन्हा विनवते, तेव्हा कुठे तो निघायला तयार होतो, तेही श्रीकृष्णाचं दर्शन होईल म्हणून. मित्राकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? मग ती शेजारच्या घरांतून चार मुठी पोहे मागून आणते. म्हणजे या कथेत पहिल्यांदा हात पसरला तो तिने. आणि द्वारकेत पोचल्यावर सुदामा काहीच मागत नाही. लाजेने त्याची मान खाली जाते. रात्रभर राहून सकाळी तो तसाच परत निघतो.

गरज खरी असते, तेव्हा माणूस असाच उशिरा आणि लाजत येतो.

मी इंग्लंडमध्ये शिकायला होते, तेव्हा दोन वर्षं दर शनिवारी एका फूड बँकेत सेवेला जायचे. तिथे आलेल्या लोकांचा क्रम बहुतेक वेळा सारखाच असायचा. आधी आईवडील स्वतःचं एक जेवण बंद करतात. मग घरातला हीटर बंद. मग बहिणीकडून, मित्राकडून उसने. मग कर्ज. हे सगळं संपलं की मग फूड बँक. आणि तिथेही "माझ्यापेक्षा कुणाला जास्त गरज असेल ना?" असं विचारणारे खूप.

पैसे संपतात कशामुळे? एक कारण अगदी साधं आहे: वेळ. ब्रिटनमध्ये नोकरी गेली किंवा आजारपण आलं, तर 'युनिव्हर्सल क्रेडिट' नावाची सरकारी मदत असते. पण अर्ज केल्यापासून पहिला हप्ता मिळायला साधारण पाच आठवडे लागतात. मध्ये आगाऊ रक्कम मिळते, पण ती कर्जच; पुढच्या हप्त्यांतून कापली जाते. घरभाडं मात्र पाच आठवडे थांबत नाही. शिवाय अनेक घरांत विजेचं मीटर प्रीपेड असतं, पैसे संपले की अंधार. काही जण नोकरीवर असतात, पण कामाचे तास दर आठवड्याला बदलतात. अपंगत्व किंवा जुना आजार असलेली घरं तर खूपच.

ट्रसेल ही तिथली मोठी संस्था. तिची पहिली फूड बँक २००० साली सॅलिसबरीत सुरू झाली. पॅडी आणि कॅरोल हेंडरसन हे दांपत्य तेव्हा बल्गेरियातल्या मुलांसाठी काम करायचं. गावातल्याच एका आईने पॅडी यांना फोन करून सांगितलं की तिची मुलं उपाशी झोपणार आहेत. तिथून हे काम उभं राहिलं. २०२३-२४ मध्ये ट्रसेलच्या केंद्रांनी ३१ लाखांहून जास्त शिधा-पाकिटं दिली, त्यांतली ११ लाखांहून जास्त मुलांसाठी होती. या केंद्रांत सहसा डॉक्टर, शाळा किंवा सल्ला केंद्राची चिठ्ठी लागते, आणि साधारण तीन दिवसांचा शिधा मिळतो. ज्यांच्याकडे शेगडी नाही, त्यांच्यासाठी नुसत्या किटलीतल्या गरम पाण्यावर होईल असं वेगळं पाकीट असतं. फुकट म्हणून कोण या दाराशी येईल, तुम्हीच सांगा.

आता श्रीकृष्णाने काय केलं ते बघा.

एक, त्याने "का आलास?" असं विचारलंच नाही. उठून मिठी मारली, पाय धुतले, गुरुकुलातल्या आठवणी काढल्या. आधी मान, मग बाकी सगळं.

दोन, त्याने विचारलं, "माझ्यासाठी काय आणलंस?" आणि ते लपवलेले पोहे ओढून घेऊन खाल्ले. घ्यायला आलेल्याला त्याने देणारा केलं. आमच्याकडे एक आजोबा पाकिटातले दोन डबे दर वेळी परत ठेवायचे, "हे घरी आहेत, दुसऱ्याला द्या" म्हणून. आम्ही ते दोन्ही हातांनी घ्यायचो.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. त्याने सुदाम्याला तीन दिवसांचा शिधा देऊन पाठवलं नाही. त्याचं घरच पालटलं. तीन दिवसांचा शिधा लागतोच, आजची भूक उद्यावर ढकलता येत नाही. पण चौथ्या दिवशी काय, हा प्रश्न भक्ताने सोडून द्यायचा नसतो. मजुरी पुरेशी आहे का, मदत वेळेवर मिळते का, हे विचारणं म्हणजे राजकारण आणि पाकीट देणं म्हणजे सेवा, अशी वाटणी मला या कथेत दिसत नाही.

तुमच्यापैकी काही जण ब्रिटनमध्ये शिकताय. स्टुडंट व्हिसावर सरकारी निधी घेता येत नाही, म्हणून कुणी उपाशी राहून गप्प बसत असेल, तर एवढं लक्षात ठेवा: संस्थेच्या फूड बँकेतला शिधा त्या सरकारी निधीत मोडत नाही. गरज असेल तर जा. सुदामाही गेला होता.

आजचा विचार: माझ्या ओळखीत असं कोण आहे, जे मागणार नाही पण ज्याला गरज आहे?

आजची कृती: त्याच्याकडे आपणहून जा. शक्य असेल तर त्याच्याकडून एक कप चहा प्या, आणि मग द्या.

प्रार्थना: हे द्वारकाधीशा, दाराशी आलेल्याची लाज आम्हाला त्याने सांगण्याआधी कळू दे. आणि आमच्यावर मागायची वेळ आली, तर तुझ्याकडे निघालोय असं समजून पाऊल उचलू दे.

राम कृष्ण हरी. उद्या भेटूया.