तळे हिरवे का होते?

आपल्या गावात तळे असते. कुणाच्या शेतात शेततळे असते. त्यात आपण रोहू, कटला, मृगळ हे मासे सोडतो. मासे वाढतात. घरात दोन पैसे येतात.

पण कधी कधी तळ्याचे पाणी हिरवेगार होते. मग एखाद्या पहाटे मासे पाण्यावर येऊन आ वासतात. उजाडल्यावर पाहावे, तर मेलेले मासे तरंगत असतात! वर्षाची मेहनत एका रात्रीत जाते. कुणी म्हणते, "तळ्याला नजर लागली." कुणी म्हणते, "दावा साधला. कुणीतरी विष कालवलं." आणि गावात भांडण लागते.

थांबा. भांडण्याआधी पाणी पाहू या.

पाणी हिरवे होते ते शेवाळामुळे. शेवाळाला मूळ, खोड, पान नसते. काही शेवाळ केसांसारखे लांब असते. काही इतके बारीक असते की, एका थेंबात हजारो कण मावतात. तेच पाण्याला हिरवा रंग देतात.

शेवाळाला दोन गोष्टी हव्यात, ऊन आणि खत. ऊन फुकट मिळते. खत आपणच देतो. तळ्यात गुरे धुतो. शेण पडते. साबणाचे पाणी जाते. पावसात शेतातले खत वाहून येते. माशांना टाकलेले जादा खाणे तळाशी कुजते. पिकाला लागते तेच नत्र आणि स्फुरद शेवाळालाही लागते. ते मिळाले की शेवाळ माजते.

दिवसा उन्हात शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेच शेवाळ प्राणवायू घेते. मासेही घेतात. म्हणून पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी होतो. ढगाळ दिवसानंतर तर फारच कमी. मासे गुदमरतात आणि मरतात.

मग सगळे शेवाळ काढावे काय? नाही. थोडे शेवाळ चांगले. त्यावर पाण्यातले बारीक किडे जगतात, मासेही ते खातात. फक्त ते माजू देऊ नये.

यासाठी एक सोपी परीक्षा आहे. हात सरळ पाण्यात घाला. कोपर बुडण्याआधीच तळहात दिसेनासा झाला आणि पाणी गढूळ नसून हिरवे असेल, तर शेवाळ फार झाले असे समजा. मग पुढील गोष्टी करा.

१. शेण, खत टाकणे बंद करा. माशांचे खाणे कमी करा.
२. गुरे आणि कपडे तळ्याबाहेर धुवा. शेतातले पाणी तळ्यात येऊ नये म्हणून बांध घाला.
३. केसाळ शेवाळ बांबूने ओढून काढा. काठावर ठेवू नका, पावसाने ते परत जाईल. दूर खड्ड्यात टाका. त्याचे चांगले खत होते.
४. काठाला थोडी पाणवनस्पती राहू द्या. ती पाण्यातले खत खाते, शेवाळाला कमी उरते. पण जलपर्णी येऊ देऊ नका. ती सारे तळे झाकून टाकते.
५. जमेल तर थोडे पाणी काढून ताजे पाणी भरा.

पहाटे मासे आ वासताना दिसले, तर वेळ घालवू नका. पंपाने ताजे पाणी उंचावरून तळ्यात पाडा. पंप नसेल तर चार जण मिळून बांबूने पाणी झोडपा. हवा पाण्यात मिसळते आणि मासे वाचतात.

कुणी म्हणेल, "मोरचूद टाका, शेवाळ लगेच मरतंय." खरे आहे, शेवाळ मरते. पण मेलेले शेवाळ कुजते आणि कुजताना उरलेला प्राणवायूही संपतो. शिवाय मोरचूद माशांनाही विषारी. रोग बरा, पण औषध नको, अशी गत होते.

एक गोष्ट विसरू नका. पाण्यावर रंग ओतल्यासारखी निळी-हिरवी साय आली, तर ते पाणी गुरांना पाजू नका, आपणही पिऊ नका. त्यात विष असू शकते. ते पाणी उकळूनही जात नाही. त्याने गुरे दगावतात.

नजर काढून तळे सुधारत नाही. खत अडवले की सुधारते. तळे सर्वांचे असेल, तर एकट्याने भागत नाही. सारा गाव मिळून ठरवू या.

सांगा पाहू :
१. मासे पहाटेच का मरतात?
२. आपल्या तळ्यात खत कुठून कुठून येते?