ईसीजीचा कागद लॅमिनेट करू नका

2021 च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत, आमच्या तलवाडा गावात घरटी एक तरी माणूस तापाने झोपलेला होता. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा 94 च्या वर दिसला की घर निर्धास्त. माझे थोरले चुलते, आण्णा, यांचा आकडा 95 होता. पण ते सारखे म्हणत, "छातीत लई धडधडतंय, उठलं की अंधारी येतीय." तापाचा अशक्तपणा आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. चुलती ऐकेना. तिने हट्टाने त्यांना गेवराईला नेलं.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "आधीचा आहे का?" होता. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळचा. पण चुलतभावाने आधार कार्डाबरोबर तोही लॅमिनेट करून आणला होता. हा कागद थर्मल, एसटीच्या तिकिटासारखा. उष्णतेनेच त्यावर रेघ उमटते. गरम रोलरखालून निघाला तो काळाठिक्कर. तरी भावाने तो फाइलीत ठेवलाच, कागद फेकायचा नाही ही आमच्या घराची रीत!

आण्णांच्या ईसीजीच्या पट्टीत 'क्यूटी' लांबला होता. ठोका पडल्यावर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला लागणारा हा वेळ. तो 500 मिलिसेकंदांच्या पुढे गेला की ठोके अचानक जीवघेणे बिघडण्याची भीती वाढते. आता हे मूळचंच की आजारातलं, ते जुन्या पट्टीशिवाय कसं कळावं? डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी उलटी केली. ॲझिथ्रोमायसिन होती, आणि ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन. दोन्ही क्यूटी लांबवणारी. त्यात जुलाबाने पोटॅशियम उतरलेलं. गोळ्या बदलल्या, पोटॅशियम भरून काढलं, पुन्हा ईसीजी काढत राहिले. क्यूटी आखडत गेला आणि आण्णा सावरले.

जुन्या पट्टीचं महत्त्व नंतर वाचनातही सापडलं. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोविड आणि इन्फ्लुएंझाच्या दाखल रुग्णांच्या पट्ट्या तपासल्या. ज्यांच्या ठोक्याच्या रेघेची उंची खुजी झाली, म्हणजे हातापायांच्या लीडमध्ये 5 मिलिमीटरच्या आत आली किंवा आधीच्या निम्म्यावर उतरली, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. यातलं 'आधीच्या निम्म्यावर' हे मोजायला आधीची पट्टी हवीच ना? लठ्ठपणाने किंवा छातीत पाणी झाल्यानेही रेघ खुजी दिसते, त्यामुळे एकट्या पट्टीवरून भविष्य वर्तवणाऱ्याच्या नादी लागू नये.

साध्या सर्दी-तापात प्रत्येकाने ईसीजी काढत सुटावं, असं मी म्हणत नाही. पण वय झालेलं, बीपी-शुगर किंवा हृदयाचा जुना त्रास, आणि तापात धडधड, चक्कर, छातीत दुखणं यातलं काही असेल तर थांबू नये. कॅनडातल्या 2018 च्या एका अभ्यासात इन्फ्लुएंझाचं निदान झाल्यावर पहिल्या 7 दिवसांत हार्ट ॲटॅकचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळलं होतं.

ईसीजी काढला की लगेच झेरॉक्स करा, मोबाइलवर फोटो काढा. नाव आणि तारीख फोटोत दिसली पाहिजे. मूळ कागद पत्र्याच्या पेटीत नको, आमच्या मे महिन्यात तिथे रेघ टिकत नाही. दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या. "गॅसची लाल-पांढरी गोळी" एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही. आणि पट्टी चांगली आली तरी बोटावरचा आकडा पाहणं सोडू नका. तो 94 च्या खाली गेला, किंवा सहा मिनिटं घरात चालल्यावर तीनपेक्षा जास्त घसरला, तर 'ईसीजी नॉर्मल आहे' म्हणून घरी बसू नका. रात्र असली तरी गाडी काढा.