लहान मुलांची वाणी आणि आपली घरे

बेळगावात मूल पाळण्यात असतानाच त्याच्या कानांवर तीन भाषा पडतात. घरात मराठी, दारात कानडी, शेजारी दख्खनी उर्दू. (आमच्या घरी दख्खनी आधी आणि मराठी मागून आली, कानडी आम्ही गल्लीत शिकलो.) त्यामुळे दोन वर्षांचे मूल बोलत नसले की दोष भाषांच्या गर्दीवर येतो, आणि "घरात एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी" असा सल्ला मिळतो. हा सल्ला मानून आजीला नातवाशी बोलण्याची चोरी झालेली घरे आम्ही पाहिली आहेत. जिच्यापाशी गोष्टींचा साठा, तीच गप्प! हा उपाय नव्हे, अपाय आहे.

तान्ह्या मुलाचा कान आपल्यापेक्षा तयार असतो. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील 'ट' आणि 'त' यांतील भेद कळतो, हे कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केले. तेथील प्रौढांना हा भेद सहसा कळत नाही. ते ध्वनी कानी न पडल्यास वर्षाच्या सुमारास बालकांचीही ती शक्ती मावळते. तेव्हा अनेक भाषा मुलास भार होत नाहीत. दोन भाषांची सरमिसळ करणारे मूल गोंधळलेले नसते. त्याचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मोजावेत.

मग अडते कोठे? अमेरिकेत पॅट्रिशिया कूल व सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या मुलांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. चिनी बोलणारी माणसे समोर बसून खेळवीत बोलली, तेव्हा मुले ते ध्वनी ओळखू लागली. तेच बोलणे पडद्यावर दाखविले, तेव्हा काहीच साधले नाही. मुलाच्या हुंकाराला हुंकार देणारे माणूस हवे. मोबाईलवरील गाण्यांनी मूल शांत बसते हे खरे, पण शांत बसणे हीच तर अडचण! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाखालील मुलांना पडदा मुळीच नको, दोन वर्षांच्या मुलास दिवसाकाठी फार तर एक तास, असे सांगितले आहे.

याहून गंभीर गोष्ट कानाची. "याचे वडीलही उशिराच बोलले" या एका वाक्याने कित्येक मुलांची मोलाची वर्षे जातात. बहिरे मूलही पहिले काही महिने हुंकार देते, भांडे आपटल्यावर दचकूही शकते. आईबाप निर्धास्त राहतात. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचूनही ऐकणे मंद होते. वर्षाचे मूल 'बाबा-दादा' अशी बडबड करीत नसेल, दोन वर्षांचे दोन शब्द जोडीत नसेल, तर प्रथम कान तपासावेत. नवजात बालकाची प्राथमिक तपासणी ते झोपेत असताना काही मिनिटांत होते. पुढील तपासणीसाठी मैसूरला १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. श्रवणयंत्र मिळाल्यावरही रोजचे बोलणे घरच्यांनीच करावयाचे असते, आणि ते घरच्याच भाषेत.