‘फॉरमॅट मार’ म्हणण्याआधी

इंदापूर

चि. सोनूस,


तुझा निरोप मिळाला. ‘मामा, पुस्तकांचं अ‍ॅप उघडत नाही, दुकानदार फॉरमॅट मारायचं म्हणतोय, मारू का?’ अजून मारला नसशील तर मारू नकोस. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरायला होतं, म्हणून लिहून पाठवतोय. कॉम्प्युटरपुढे बसून वाच.

नुसतं ‘उघडत नाही’ यावरून मला काही कळत नाही गं. चिन्हावर क्लिक केल्यावर काहीच होत नाही? की खिडकी क्षणभर दिसून गायब होते? की पांढरी खिडकी येते आणि मधलं चक्र फिरत बसतं? ही तिन्ही दुखणी वेगळी. काहीच होत नसेल तर बहुधा मागच्या वेळचं अ‍ॅप आतल्या आत अर्धवट चालू असतं आणि ते नव्याला उठू देत नाही. उघडून लगेच मिटत असेल तर त्याची एखादी फाइल बिघडलेली असण्याची शक्यता जास्त. चक्र फिरत असेल तर ते नेटवरून उत्तर यायची वाट बघतंय. आणि इंग्रजीत काही पाटी येत असेल तर आधी मोबाइलवर तिचा फोटो काढ. ओके दाबून पाटी घालवायची घाई सगळ्यांनाच असते. माझ्या एमएससीआयटीच्या बॅचमधली पोरं तर वाचायच्या आधी दाबतात आणि मग मलाच विचारतात, सर, काय लिहिलं होतं?

आपल्या बोअरची मोटार उठली नाही की आजोबा काय करतात ते तू लहानपणापासून बघितलंयस. लाईट आहे का, तिन्ही फेज आहेत का, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. पाइप खोलून मोटार वर काढायची पाळी सगळ्यात शेवटी, कारण त्यात दिवस जातो आणि चार माणसं लागतात. फॉरमॅट म्हणजे मोटार वर काढणं. दुकानदाराला ते सोयीचं, कारण मग कारण शोधावं लागत नाही. आणि जातात त्या तुझ्या फायली, त्याच्या नाही.

तर आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात अ‍ॅपचं नाव दिसलं तर त्यावर जाऊन एंड टास्क कर आणि पुन्हा उघडून बघ. तरी नाही, तर रीस्टार्ट. शट डाउन करून परत बटण दाबणं नव्हे, रीस्टार्टच. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक ठिकाणी चालूच असते. तिच्यामुळे शट डाउन करताना विंडोज आपला बराचसा गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच परत उचलतं, म्हणजे कालचा गोंधळही त्याच्याबरोबर येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून सुरू होतं. निम्मी गिऱ्हाइकं मी याच एका गोष्टीवर परत पाठवतो, आणि त्याचे पैसे घेत नाही.

आता खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघ. हसू नकोस. तुझा डेस्कटॉप जुना घेतलेला आहे. त्याच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२. कॉम्प्युटरला वीज नसते तेव्हा घड्याळ त्या सेलवर चालतं. सेल संपला की लाईट गेल्यावर, नाहीतर तू भिंतीवरचं बटण बंद केल्यावर, तारीख थेट काही वर्षं मागे जाते. पुस्तकाचं अ‍ॅप सुरू होताना आपल्या सर्व्हरशी बोलतं. त्या सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. तुझ्या कॉम्प्युटरच्या मते ती तारीख अजून उगवलेलीच नसते, मग तो सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही आणि चक्र फिरत राहतं. वळीव सुरू झाल्यापासून इकडे लाईटची सारखी ये-जा आहे, तिकडे बारामतीतही असेलच. ‘पाऊस झाल्यापासून नेट चालेना’ म्हणून आलेल्या जुन्या मशीनची मी आधी तारीखच बघतो. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. बदलताना मागची वायर काढ, एवढंच.

लाईट जाण्याचा दुसरा मार त्याहून वाईट. अ‍ॅप आपल्या पुस्तकांची यादी एका फाइलीत लिहीत असतं. नेमकी तेव्हा वीज गेली तर फाइल अर्धीच राहते. पुढच्या वेळी अ‍ॅप ती वाचायला जातं आणि कोलमडतं. अशा वेळी अ‍ॅप काढून पुन्हा टाकल्यानं बऱ्याचदा काही होत नाही, कारण ती यादी मागेच राहते. डॉक्युमेंट्समध्ये जा. किंडल असेल तर ‘माय किंडल कंटेंट’ आणि अडोबी डिजिटल एडिशन्स असेल तर ‘माय डिजिटल एडिशन्स’ नावाचं फोल्डर असतं. आधी त्याची कॉपी पेन ड्राइव्हवर घे. मग अ‍ॅप बंद ठेवून फोल्डरचं नाव बदल, शेवटी नुसतं ‘जुनं’ जोड. डिलीट करू नकोस. अ‍ॅप उघडलं तर दोष त्या फोल्डरमध्ये होता. नाही उघडलं तर नाव पूर्ववत कर आणि मगच पुढचा उपाय. एकदम चार गोष्टी बदलल्यास तर चालू झाल्यावरही कशानं झालं ते कळायचं नाही आणि पुढच्या महिन्यात परत इथेच येशील.

एखाद्याच पुस्तकावर संशय असेल आणि ते कुलूप नसलेलं ईपब असेल तर एक गंमत कर. त्याची कॉपी काढून नावाच्या शेवटचं ईपब खोडून झिप लिही. ईपब म्हणजे मुळात झिपच. आत प्रकरणांची वेबपानं, चित्रं आणि ‘माइमटाइप’ नावाची चिमुकली फाइल दिसेल. उघडलंच नाही तर पुस्तक उतरवतानाच अर्धं आलंय.

मशीनवर कोणतं विंडोज आहे तेही बघ. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० पासून वाऱ्यावर सोडलंय आणि १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या विंडोजवर नवं अ‍ॅप उठत नसेल तर त्यात बिघाड काहीच नसतो.

हे सगळं होईपर्यंत वाचन थांबवू नकोस. किंडलची पुस्तकं ब्राउझरमध्येही उघडतात. साहित्य संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट आहेत, बालभारतीचीही आहेत. त्यांना कुठलं अ‍ॅप लागत नाही. कॅलिबर हेही चांगलं. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रॅमरनं २००६ मध्ये सोनीच्या वाचनयंत्रासाठी सुरू केलेलं, आजही मोफत. विकतची कुलूपबंद पुस्तकं मात्र त्यात उघडत नाहीत.

आणि खरी काळजी मला तुझ्या टिपणांची आहे. वर्षभर तू पुस्तकात रंगवलेल्या ओळी आणि समासातल्या नोंदी फक्त अ‍ॅपमध्येच आहेत ना? जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉननं हक्काच्या वादामुळे ऑर्वेलची पुस्तकं वाचकांच्या किंडलमधून परत काढून घेतली होती. (त्यात ‘१९८४’ असावं हा योगायोग कुणी लिहिला असता तर संपादकानं कापला असता.) अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलानं दावा लावला, कारण त्याच्या टिपणांना आता पुस्तकच उरलं नव्हतं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा वाचकांना पैसे परत दिले, आणि ज्यांनी टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर. वर्षभराच्या अभ्यासाची तेवढी किंमत तुला चालेल का? अ‍ॅप उठलं की त्याच दिवशी सगळ्या नोंदी बाहेर काढून एका वर्ड फाइलीत ठेव आणि ती स्वतःला मेल कर. पुढे दर रविवारी.

एवढं करूनही नाही उठलं, तर स्टार्टमध्ये इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप कर. तारीखवार तक्ता येईल. त्यात अ‍ॅप कोलमडलं त्या दिवशी लाल फुली असते. तिच्यावर क्लिक करून आलेल्या मजकुराचा फोटो, अ‍ॅपचं नाव आणि विंडोज कोणतं, एवढं मला पाठव. रात्री नऊनंतर मी मोकळा असतो. आजीनं लोणच्याची बरणी भरून ठेवलीय; शनिवारच्या एसटीनं येणार असशील तर सीपीयू उचलून आणू नकोस, पेन ड्राइव्ह तेवढा आण.

तुझा,
मामा