तपासणी टाळणाऱ्या बायकांना कसे समजवावे

पुनावळे

चि. भाचीस,

गर्भाशयमुखाचा कर्करोग, बायकांच्या बोलण्यात पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, शरीरसंबंधातून येणाऱ्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो. बहुतेक जणींच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप जातो. तो टिकून राहिला, तर कर्करोग व्हायला साधारण 15 ते 20 वर्षे लागतात. एवढ्या काळात बहुधा काहीच दुखत-खुपत नाही. म्हणूनच ‘मला कुठे काय त्रास आहे?’ म्हणणाऱ्या बाईनेच गर्भाशयमुखाच्या तपासणीला जायला हवे. 30 ते 65 वयात दर पाच वर्षांनी ती करावी, असे सरकारी धोरण आहे. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभरांतल्या जेमतेम दोघींनी ती कधीतरी केलेली आढळली.

पहिली अडचण लाजेची. आशा सेविकेने तपासणीत काय होते, ते आधीच नीट सांगावे. आडोशाला टेबलावर झोपवतात, गर्भाशयमुखाला कापसाने पातळ ॲसेटिक ॲसिड लावतात आणि मिनिटभर थांबून पांढरा चट्टा उठतो का ते पाहतात. थोडे चुरचुरते, इतकेच. पाळी चालू असताना मात्र जाऊ नये.

दुसरी धास्ती ‘काही निघालंच तर?’ ही. चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोगापूर्वीचा बदल असला, तर बहुतेकदा दाखल न होताच उपचार होतात. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या सेविकांकडून हीच तपासणी करवली, तेव्हा या रोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आठ वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

तिसरी अडचण वेळेची. सोसायट्यांत धुणीभांडी करणारीला खाडा परवडत नाही, चाकणला शिफ्टला जाणारीला सकाळ मिळत नाही. थेरगाव रुग्णालयात किंवा पिंपरीच्या वायसीएममध्ये तपासणी कोणत्या दिवशी, किती वाजता असते आणि डॉक्टर बाई असतात का, हे सेविकेने विचारून ठेवावे. शेजारच्या दोघी-तिघींना एकत्र न्यावे. सासूचे वय बसत असेल, तर तिलाही.

एचपीव्हीची लस घेतलेल्या बाईनेही तपासणी चुकवू नये. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, तर तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. चट्टा दिसलेली बाई पुढच्या तपासणीला पोचेपर्यंत सेविकेने तिचा पाठपुरावा सोडू नये.

तुझी मावशी