संकल्पातील देश व नकाशातील देश

कोणतेही धर्मकृत्य आरंभिण्यापूर्वी हातात उदक घेऊन संकल्प करावा लागतो. त्यात तिथिवारादि काल जसा सांगतात, तसेच स्थळही सांगतात. जंबुद्वीप, भारतवर्ष, भरतखंड, दक्षिणापथ, दंडकारण्य अशी नावे क्रमाने येतात आणि अखेरीस जवळच्या महानदीचा तीर सांगितला जातो. आपण ही नावे नित्य ऐकतो. परंतु ती कोणत्या भूमीची, याचा विचार क्वचितच करतो. तो येथे थोडक्यात करू.

जंबुद्वीप हे नाव केवळ पुराणांत आहे असे नाही. आपल्याच राज्यात कटनी जिल्ह्यातील रूपनाथ येथे सम्राट अशोकाचा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील शिलालेख आहे, त्यात ते आढळते. भारतवर्ष हे नाव ओरिसातील हाथीगुंफेत खारवेल राजाच्या प्राकृत लेखात येते; मात्र तेथे त्याचा अर्थ उत्तरेकडील प्रदेश एवढाच असावा, असे विद्वान मानतात. पुढे त्या नावाची व्याप्ती हिमालयापासून समुद्रापर्यंत झाली. सिंधू नदीस इराणी लोक हिंदू म्हणत. ग्रीकांनी त्यातील हकार गाळला आणि त्यातून इंडिया हा शब्द निघाला. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात इंडिया व भारत ही दोन्ही नावे आहेत.

आता आपल्या गावाकडे वळू. बाला म्हणजे वरचा. घाटावरचा प्रदेश तो बालाघाट. वऱ्हाडातही घाटाखालच्या भागास पाईनघाट व वरच्या भागास बालाघाट म्हणत, आणि मराठवाड्यात बालाघाट नावाचे डोंगर आहेत. आपला जिल्हा १८६७ साली मंडला, शिवनी व भंडारा यांचे भाग तोडून घडविण्यास आरंभ झाला. बालाघाट हे नाव आधी जिल्ह्याचेच होते. मुख्य ठाण्याचे गाव बूढा म्हणून ओळखले जाई. कालांतराने जिल्ह्याचे नाव गावास चिकटले आणि जुने नाव मागे पडले.

राज्यांचेही तसेच झाले. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५३ साली इंग्रजांनी खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत झाला. १९०३ साली त्यास वऱ्हाड जोडले गेले. १९५० साली त्याचे मध्यप्रदेश झाले, तेव्हा राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मात्र मध्यप्रदेशात राहिला व राजधानी भोपाळ झाली. भंडारा-गोंदियाकडील सोयरेधायरे सीमेपलीकडचे ठरले. आपल्यातील कित्येक वडीलधाऱ्यांनी घर न सोडता एवढी स्थित्यंतरे पाहिली. त्या वेळी मनास झालेली खंत अद्याप काही घरांत बोलली जाते, आणि ती खोटी नव्हे.

परंतु संकल्पात प्रांताचे वा राजधानीचे नाव नाही, नदीचे आहे. आपली वैनगंगा दक्षिणेस वाहत जाऊन वर्धा नदीस मिळते, तेथून ती प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत विलीन होते. म्हणजे बालाघाटचे पाणी गोदावरीचेच पाणी होय, आणि आपण तिच्या उत्तर तीरी आहोत. ही गोष्ट १८५३ साली खरी होती, १९५६ साली खरी होती व आजही आहे.

येथे आमची एक चूक सांगणे अवश्य वाटते. पुणे प्रांती छापलेल्या पोथीवरून पाठ केल्यामुळे आम्ही कित्येक वर्षे याच गावी ‘दक्षिणे तीरे’ असे म्हणत आलो. पुण्यास ते योग्य आहे, कारण पुणे गोदावरीच्या दक्षिणेस आहे. येथे मात्र ‘उत्तरे तीरे’ असेच म्हटले पाहिजे. वडिलांनी एकदा नकाशा पुढे ठेवला, तेव्हा आम्हांस ते उमजले.

तरी प्रत्येक कुटुंबाने पुढील पूजेपूर्वी मुलांकडून नकाशावर वैनगंगेचा मार्ग उगमापासून गोदावरीपर्यंत बोटाने काढवून घ्यावा. मग संकल्प सांगताना तो नुसता पाठ राहणार नाही; आपण कोठे उभे आहोत, हे त्यांस कळेल.