शहराचा कचरा आणि उसाचे शेत : एक हिशेब



शहरी कंपोस्ट उसाला घ्यावे की नाही, असे आपले बरेच सभासद विचारतात. नुसते हो किंवा नाही म्हणून भागणार नाही. कचऱ्यात पैसा कुठे जातो हे आधी बघू.

कचऱ्याच्या खर्चातला मोठा भाग तो गोळा करण्यात आणि वाहून नेण्यातच जातो. तोडणी-वाहतुकीचा बोजा काय असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण मोळी गव्हाणीत पडली की तिची साखर तरी होते. मिसळलेल्या कचऱ्याचे तसे नाही. खरकटे, काच, प्लास्टिक, जुने सेल एका डब्यात पडले की सगळ्यांचीच किंमत जाते. भिजलेली रद्दी भंगारवाला घेत नाही, आणि खरकट्यात काच गेली की खत चाळण्याचा खर्च वाढतो. पाचटासकट ऊस आणला तर वजन भरते, पण उतारा पडतो. त्यातलाच हा प्रकार.

पुण्याचे उदाहरण घेऊ. शहराचा कचरा १९८१ पासून उरुळी देवाचीला आणि पुढे फुरसुंगीला जाऊ लागला. त्याचे डोंगर झाले, विहिरी नासल्या, डेपोला आगी लागल्या. २०१७ साली अशाच आगीनंतर गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. उघड्यावर टाकणे शहराला स्वस्त पडले, कारण नासलेल्या विहिरीची किंमत कुणी अंदाजपत्रकात धरलीच नव्हती. ती तिथल्या शेतकऱ्याने भरली.

त्याच पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. महापालिकेशी तिचा करार २००८ साली झाला. सभासदांत बाया जास्त. त्या दारोदार जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेतात. घरटी ठरलेली फी त्यांना मिळते आणि सुक्यातले भंगार विकून आलेला पैसाही त्यांचाच. जे विकले गेले ते डेपोपर्यंत वाहावे लागत नाही, म्हणजे महापालिकेचेही तेवढे भाडे वाचते. (सहकार फक्त साखरेत आणि दुधातच होतो असे मानणाऱ्यांनी हे जरूर जाऊन बघावे.)

इंदूरला २०२२ साली ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता रोज ५५० टनांची. गॅस निघाल्यावर मागे खतही उरते. तो उभा करता आला, कारण तिथे ओला कचरा घरातूनच वेगळा येतो.

आता आपल्या शेताचे. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कंपोस्टमध्ये नत्र किमान ०.८ टक्के, स्फुरद व पालाश किमान ०.४ टक्के आणि सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के पाहिजे. म्हणजे टनाला नत्र ८ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत ते साधारण २०.७ किलो असते. टनभर कंपोस्टमधले नत्र अर्ध्या गोणीएवढेही भरत नाही! अनुदानित युरियाच्या दराने त्याची किंमत शंभर रुपयांच्या आसपास होते. एवढ्यासाठी पन्नास-साठ किलोमीटरवरून ट्रक आणणे परवडत नाही. केंद्र सरकारने २०१६ साली टनामागे १५०० रुपयांचे सहाय्य जाहीर केले होते ते याच अडचणीमुळे.

तेव्हा कंपोस्ट घ्यायचे ते कर्बासाठी, नत्रासाठी नव्हे. आणि कर्बाचाच प्रश्न असेल तर हेक्टरी ८ ते १० टन पाचट आपल्याच फडात पडलेले असते. ते पेटवून द्यायचे आणि शहरातून खत विकत आणायचे, हा उलटा हिशेब झाला. आधी पाचट कुजवा, मग कारखान्याचे प्रेसमड बघा. त्यानंतरही जमीन हलकी वाटली आणि कंपोस्ट जवळ मिळत असेल, तर जरूर घ्या.

पण घेताना वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याचेच आहे ना, हे विचारा. प्रयोगशाळेचा दाखला मागा आणि त्यात शिसे व कॅडमियमचे आकडे बघा. शिसे किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर आणि कॅडमियम ५ च्या वर असेल तर गाडी परत पाठवा. हे धातू एकदा जमिनीत गेले की काढता येत नाहीत. दाखला चांगला असला तरी गाडीतले घमेलेभर खत चाळून बघा. काच-प्लास्टिक निघाले तर फुकट दिले तरी घेऊ नका.